मामाच्या फोटोला हार

महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत सर्वांत जास्त चर्चा झाली ती रांगोळीवर. हिटलरच्या काळात युरोपात ज्यूंचा संहार झाला. त्याची आठवण राहावी आणि माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यावे, यासाठी पुण्यातल्या एका महाविद्यालयात काही दिवस चित्रपट, छोटी नाटके आणि छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते. दारात रांगोळी हवी, पण तिच्यात स्वस्तिक नको, एवढेच ठरवायचे होते.

"आपलं स्वस्तिक वेगळं आहे," एक सभासद म्हणाले.

"ते आपल्याला माहीत आहे. परदेशी पाहुण्यांना दारात उभं राहून कोण समजावणार? तुम्ही?" संयोजकांनी विचारले.

मग कुणीतरी कमळ सुचवले. त्यावर निवडणुकीचा विषय निघाला. शेवटी मोरावर एकमत झाले. हारांचा विषय त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

वृत्तपत्रातून निवृत्त झाल्यावर मला अशी कामे मिळत असत. इथे छायाचित्रांखालच्या ओळी लिहायच्या होत्या. बहुतेक छायाचित्रे परदेशातल्या संग्रहालयांतून आलेल्या प्रती होत्या आणि त्यांच्यासोबत माहितीही होती. एकच मूळ छायाचित्र पुण्यातले होते. एरंडवण्यात राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी ते दिले होते. वय ऐंशीच्या आसपास, नऊवारी नव्हे पण कडक इस्त्रीची सुती साडी, बोलणे पक्के पुणेरी. त्यांचे वडील डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले, तिथल्या एका ज्यू मुलीशी लग्न करून युद्धाच्या आधी परत आले. ती बाईंची आई. छायाचित्र आईच्या धाकट्या भावाचे होते: पंचविशीतला तरुण, गळ्यात मफलर, हातात सायकल.

या भावाचे पुढे काय झाले ते कळले नाही. त्याला इतर ज्यू लोकांसोबत रेल्वेत चढवताना एका शेजाऱ्याने पाहिले होते. त्यानंतर काही नाही. आईने युद्ध संपल्यावर अनेक वर्षे चौकशी केली. कुठूनच उत्तर आले नाही.

मी ओळीत 'बेपत्ता' लिहिले होते.

"बेपत्ता म्हणजे परीक्षेत नापास होऊन घर सोडून गेलेला वाटतो," बाई म्हणाल्या. "नका लिहू."

"मग 'मृत्यूची नोंद नाही' लिहू का?"

"तुम्ही मृत्यू हा शब्द छापलात की पुढचं 'नाही' कुणी वाचत नाही. एवढी वर्षं पेपरात होतात ना?"

हे खरे होते. शेवटी 'पुढील माहिती उपलब्ध नाही' यावर आम्ही थांबलो. बाईंच्या आईने घरातल्या दर्शनी खोलीत हा फोटो लावला होता आणि त्याला कधी हार घातला नव्हता. शेजारी सासू-सासऱ्यांच्या फोटोंना दसऱ्याला, पितृपक्षात हार चढे. हा फोटो रोज पुसला जाई, एवढेच. आई गेल्यानंतर बाईंनी आईच्या फोटोला हार घातला. मामाच्या फोटोला नाही. हे त्यांनी मला सहज सांगितले. ते आणखी कुणाला सांगायला हवे, असे आम्हा दोघांनाही वाटले नाही.

उद्घाटनाच्या सकाळी बाई आल्या तेव्हा महाविद्यालयाच्या पडवीत मांडलेल्या सर्व छायाचित्रांना हार घातलेले होते. शेवंती, मध्ये निशिगंध. खाली समई, उदबत्त्या. हे काम बिबवेवाडीच्या एका स्वयंसेविकेने केले होते. बँकेतून निवृत्त झालेली, कोणत्याही कार्यक्रमात सर्वांच्या आधी पोहोचणारी. पहाटे मार्केट यार्डात जाऊन तिने स्वतः फुले निवडून आणली होती. तिला कुणी सांगितले नव्हते. फोटो ओळीने लावलेले आहेत, माणसे गेलेली आहेत. मग आणखी काय सांगायचे?

बाई मामाच्या फोटोपुढे थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा कुणी घातला?"

"मीच, काकू. छान दिसतोय ना? त्यांचा जरा मोठा घेतलाय. म्हटलं, आपल्या पुण्याचे जावई... म्हणजे, तुमच्याकडचे."

"काढा."

"अहो, मान दिलाय त्यांना."

"मान आहे हो. पण हा गेला म्हणून कुणी कळवलेलं नाही आम्हाला. माझ्या आईने जे केलं नाही ते तुम्ही सकाळी उठून करून टाकलंत."

स्वयंसेविकेचा चेहरा उतरला. संयोजक धावत आले. पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली होती. "बाई, फक्त उद्घाटनापुरतं राहू दे. ओळीत एकच मोकळा दिसेल."

"दिसू दे."

स्वयंसेविकेनेच हार उतरवला. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना, म्हणून ती उद्घाटन संपेपर्यंत हातात धरून उभी राहिली. पाहुण्यांना वाटले, तो आपल्यासाठी आहे. त्यांनी मान पुढे केली. तिने नाइलाजाने घातला.

खरी अडचण दुपारी लक्षात आली. पहिला चित्रपट सुटला आणि लोक पडवीत आले. हिंजवडीत नोकरी करणारी काही मुले, शाळेतल्या शिक्षिका, सदाशिव पेठेतले जोडपे. सगळे एकामागून एक हार पाहत येत आणि मामाच्या फोटोपाशी त्यांची पावले हलकी होत.

"हे वाचले वाटतं," जोडप्यातली बाई म्हणाली.

"वाचले म्हणूनच सायकल आहे," नवरा म्हणाला.

"सायकलचा काय संबंध?"

"आता तुला प्रत्येक गोष्टीत संबंध कशाला हवा?"

खालची ओळ कुणी वाचत नव्हते. आपल्याकडे फोटो वाचायला ओळ लागत नाही. हार आहे की नाही, एवढे पुरते. हार घातला तर मामा मेला होता. काढला तर तो जिवंत होता. दोन्हींपैकी एकाचीही खात्री नव्हती. अशी बातमी मी कार्यालयात असतो तर रोखून धरली असती. भिंतीवर टांगलेली गोष्ट रोखून धरता येत नाही.

बाईंनी स्वयंसेविकेकडून खुर्ची मागून घेतली आणि फोटोशेजारी बसल्या. जो कुणी 'वाचले' म्हणे त्याला त्या शांतपणे सांगत, "तसं नाही. माहीत नाही आम्हाला." लोक ओशाळून "सॉरी, आजी" म्हणत आणि पुढे जात. एक गृहस्थ मात्र तिथेच थांबले. "पण आकडे पाहता शक्यता तर..." त्यांनी सुरुवात केली.

"शक्यता मला कळते," बाई म्हणाल्या. "मी काही आशेची अंडी उबवत बसलेली नाही. फक्त हार घालायचा तर कुठल्या तिथीला, ते सांगा."

गृहस्थ पुढच्या फोटोकडे वळले.

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, तिसऱ्या दिवशीही. स्वयंसेविका त्यांना चहा आणून देई. दोघी फारसे बोलत नसत. एकदा ती म्हणाली, "बाकीचे हारही काढू का, काकू? म्हणजे हे वेगळे दिसणार नाहीत."

"त्यांची माणसं गेल्याचं ठाऊक आहे. त्यांचा हार का काढायचा?"

मी रात्री घरी जाडसर अक्षरांत नवी ओळ छापून घेतली: 'या व्यक्तीचे पुढे काय झाले हे कुटुंबाला आजही माहीत नाही.' शेवटच्या दिवशी ती घेऊन गेलो तेव्हा पडवीत गर्दी होती. एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन ओळीने फोटो दाखवत होता. हे आजोबा नाहीत आता. ही आजी नाही. ही ताई नाही. मामाच्या फोटोपाशी आल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, "हा आहे!"

"हो, हा सुटला," बाप म्हणाला.

"कुठे गेला?"

"सायकलवरून गेला असेल लांब."

बाई खुर्चीतच होत्या, हाताच्या अंतरावर. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्या खांद्यावरच्या मुलीकडे पाहत होत्या. बापलेक पुढच्या फोटोकडे गेले.

मी नवी ओळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि परत दिली.

"बरोबर आहे. पण नका लावू आता."

"ते चुकीचं समजून गेले, बाई."

"गेले. जाऊ द्या एक जण तसा, सायकलवरून."

त्यानंतर प्रदर्शन बंद होईपर्यंत त्यांनी कुणालाच दुरुस्त केले नाही. 'वाचले' म्हणणारे अनेक जण आले. त्या प्रत्येकाचे बोलणे ऐकत होत्या, आणि मला वाटते, त्यासाठीच बसल्या होत्या.

संध्याकाळी स्वयंसेविकेने सुकलेले हार उतरवून पिशवीत भरले. मामाचा फोटो तिने जुन्या ओढणीत गुंडाळला आणि रिक्षापर्यंत स्वतः नेला. बाईंनी तो मांडीवर उभा धरला, काच बाहेरच्या बाजूला, आणि रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितले.