निबंधावरची काळी शाई

अख्ख्या दुसऱ्या महायुद्धात रहिमतपूरची एकही बातमी शत्रूला कळली नाही, याचं संपूर्ण श्रेय माझ्या आत्याच्या मालकांना आहे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पलटणीत कारकुनी करून ते पेन्शनीवर आले होते आणि हायस्कुलातल्या आम्हा पोरांचं इंग्रजी हौसेनं तपासून द्यायचे. व्याकरण शिकवायचे ते कवायतीसारखं. कर्ता पुढं, क्रियापद त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि नामाआधी 'द' विसरणारा पोरगा अंगणात 'सावधान'. इथवर ठीक होतं. पण चुका दुरुस्त झाल्या की मामा काळ्या शाईची दौत उघडायचे आणि गावाचं नाव, नदी, पूल, बैलांची संख्या, सगळ्यावर पट्टे ओढायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईवर होता. कुठं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची पत्रं लष्करी सेन्सॉरनं अशीच काळी केलेली यायची. जे तिकडं झाकतात ते इकडं उघडं ठेवलं तर पोराच्या जिवाला धोका, असं मामांचं ठाम मत.

'आमचे गाव' या माझ्या निबंधात शेवटी 'इज' आणि 'अँड' तेवढे जिवंत उरले. इंग्रजीच्या मास्तरांनी वही उलटी धरून पाहिली, मग मला पाहिलं, मग थेट मामांचं घर गाठलं. मामांनी बसायला घोंगडं टाकलं आणि शांतपणे विचारलं, "आवं मास्तर, नदीवर पूल हाय, हे तुमाला कशापायी पायजे?"

मास्तर हबकलेच. तो पूल ओलांडून ते रोज शाळेत यायचे. तेव्हापासून वर्गाला 'प्रामाणिकपणा', 'वेळेचे महत्त्व' असले बिनधोक विषय मिळू लागले. वेळेच्या निबंधातली सातारच्या गाडीची वेळ मामांनी तरीही खोडलीच.

मग पत्रं यायची थांबली. एक महिना, दोन, पाच. त्या दिवसांत मी गाईवरचा निबंध तपासायला नेला. वही हातात परत आली आणि मी हादरलो. एकही काळा पट्टा नव्हता. नजरचुकीनं राहिलं असेल म्हणून मीच दौत पुढं सरकवली. मामांनी ती बाजूला ठेवली.

"ऱ्हाऊ दे. गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिही. आन् ठेसनावरनं आपल्या घराकडं कसं यायचं, ते बी लिही."

"मामा, निबंध गाईवर हाय."

"लिही रं. कुणाच्या तरी हाती पडंल."

मी लिहिलं. गाय चार ओळींत संपली. उरलेलं पानभर स्टेशनापासून मामांच्या आळीपर्यंतची वाट होती, वळणावळणानं. मामांनी ती दोनदा वाचली आणि व्याकरणाची एकही चूक काढली नाही. शेवटी एक ओळ तेवढी स्वतःच्या हातानं घातली: दार उघडंच असतं.