बोळातलं अळू

इंद्रलोक नावाच्या आमच्या कॉलनीत बिल्डिंगमागच्या बोळात ऊन कधीच येत नाही. तिथे रोज सकाळी एक माणूस मेजरटेप घेऊन वाकलेला दिसायचा. रीडेव्हलपमेंटची कुजबुज चालू होती, त्यामुळे हा बिल्डरचाच माणूस, असं मी धरून चाललो होतो. शेवटी एकदा खाली जाऊन मी दरडावलं, "काय मोजताय इथे?"

त्याने अळूचं सुपाएवढं पान हलकेच उचललं. "हे. सावलीत उजेड कमी मिळतो ना, म्हणून पान मोठं होतं."

"पण तुम्ही कोण? परवानगी कोणी दिली?"

तो संकोचून हसला. "तुमच्या वरच्याच मजल्यावर राहतो मी. अकरा वर्षं झाली."

मी नुसतं "बरं" म्हणालो. आता त्याचं नाव विचारायचीही लाज वाटली.