बर्फ उतरला

फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "माताजी, बर्फ उतर गया." मी म्हटलं, "मालूम है बापा, दरसाल उतरता." मग तो म्हणाला, छावणीवर उतरला. चौघं होती, सापडत नाहीत.

आमच्या वऱ्हाडात पाणी खाली गेलं की विहीर उतरली म्हणतात. माझी भाची प्रज्ञा हिमालयातल्या बर्फाचंही तसंच सांगायची. लहानपणी बार्शीटाकळीच्या विहिरीत दगड बांधलेला दोर सोडून ती पाणी मोजायची. पुढं म्हणाली, उपग्रहही तेच करतो. वरून किरण सोडतो, तो बर्फाला लागून किती वेळात परततो त्यावरून बर्फ किती उतरला ते कळतं. मी चौथी शिकलेली, पण हे समजलं. अकोल्यात नळाला पाणी नाही आणि तू तिकडचा बर्फ मोज, असं मी टोचायची. गोड बोलणं तिच्यात नव्हतं, माझ्यातही नाही. पण शेवटच्या फोनवर तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"आत्या, खालचा बर्फ लय उतरला. कड्यावरच्याले टेकाच नाही राह्यला."

"मंग तू काहून चालली तिकडं?"

"उपग्रहाचं खरं का खोटं, ते बर्फात रोवलेल्या खांबावर पाहा लागते. दोनच दिवसाचं काम आहे."

मी जा म्हटलं नाही, नको जाऊ असंही म्हटलं नाही. दीड महिना झाला, तेच डोक्यात आहे.

कामाच्या कागदावर तिनं घरचा म्हणून माझा नंबर दिला होता, कारण तिचा बाप फोन उचलत नाही. त्या दिवशी मात्र अमरावतीत त्यानं उचलला. मी म्हटलं, "दादा, बर्फ उतरला."

"यंदा किती?" त्यानं विचारलं.

येते म्हटलं आणि एसटीत बसले. मूर्तिजापूरला परत फोन आला, एक जण जिवंत आहे, नाव कळलं नाही. तो एक म्हणजे आमचीच, असं मी बडनेऱ्यापर्यंत धरून बसले. बाकी तिघांच्या घरीही कोणी असंच धरून बसलं असेल, हे सुचलंसुद्धा नाही. दादाला दारातच सगळं सांगितलं, आणि एक जिवंत आहे तेही. कोण, ते त्यानं विचारलं नाही. चपला घातल्या आणि फोन हातात धरून उभाच राहिला...

संध्याकाळी नाव कळलं. वाचला तो छावणीचा स्वयंपाकी, पन्नाशीचा माणूस. ओढ्यावर पाणी आणायला गेला होता.