भैयाजींचे बूट

फिनाईलची बाटली संडासाच्या खिडकीत असायची. ती मीच आणली. बादलीत मीच ओतली. मग वेकबोर्डची फळी आडवी टाकून तिच्यावर बसवलेले भैयाजींचे बूट मी आतून घासले. कोपरापर्यंत हात घालून. कारण थोड्या वेळापूर्वी त्या बुटांत माझे पाय होते.

मोहगावच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर सौंसरच्या एका शेठजींनी हा खेळ सुरू केला होता. भैयाजी त्यांचा मुलगा. फळीवरच्या बुटांत पाय घालायचे, बोटीमागची दोरी धरायची आणि पाण्यावरून घसरत जायचं. मी तिथे कामाला होते. बोटीत मागे तोंड करून बसायचं, दोरीवरचा माणूस पडला की हात वर करायचा, मग उडी मारून त्याला बोटीजवळ आणायचं. आम्ही ढिवर. माझी माय याच पाण्यातली मासळी बोरगावच्या बाजारात विकते. मला पोहणं कोणी शिकवलं नाही, शिकवायची गरजच पडली नाही.

त्या दिवशी पाहुणे जेवायला गेले होते. बोट चालवणारे देवराव काका म्हणाले, "घाल पाय, पोरी. पाहू तुले जमते का." मी पाय घातले. दोरी ताणली गेली आणि पहिल्याच खेपेला मी पाण्यावर उभी राहिले. फार आनंद झाला मला. काठावर आले तर भैयाजी आणि पाहुणे उभे.

"हे माझे बूट हायेत. आता याच्यात मी पाय टाकू? पूरी मछली की बास आ रही है." मग भैयाजी म्हणाले, "फिनाईल आन. अन् तूच घास."

पाहुणे हसले. नागपूरची एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना, बिचारी." ते 'बिचारी' मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

काका सावरगावचे. पोळ्यानंतर दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत मार खाऊन कपाळावर खूण मिरवणारा माणूस. ते खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिले. मी घासत राहिले. घरी भाकरीचा घास तोंडाजवळ नेला तर बोटांना फिनाईलचा वास. ओकारी आली. भैयाजींची किळस, त्या हसणाऱ्यांची किळस, आणि माझ्या त्या मुकाट्यानं घासणाऱ्या हातांची सगळ्यात जास्त.

पाण्याला जात नसते असं आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं. नसेल. बुटांना असते.

भैयाजींना एक कोलांटी शिकायची होती. बोटीमागे जी लाट उठते तिच्या टोकावरून हवेत जायचं, डोकं खाली, पाय वर, आणि पुन्हा फळीवर उभं उतरायचं. सगळा हिवाळा ते पडत होते आणि मी हात वर करत होते. दोष कधी बोटीचा, कधी दोरीचा, कधी काकांचा. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यांना पाहता पाहता मी ठरवलं, ही मला आली पाहिजे. हौस वगैरे काही नव्हती. नुसता राग होता.

शेडमागे एक जुनी फळी फेकलेली होती. बूट फाटून गेलेले. मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि पाय बांधायची सोय केली. पाहुणे यायच्या आधी काकांना इंजिन तपासायला एक फेरी मारावीच लागे. मी म्हटलं, मला मागे घ्या.

काका म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो नाई. बोललो असतो तं नोकरी गेली असती."

"मंग आता तं दोरी टाका," मी म्हटलं. त्यांनी टाकली.

पाणी मऊ असतं असं काठावरच्यांना वाटतं. त्या वेगात ते थोबाडीत बसतं. ओठ फुटला, कानात दडे बसले. ट्यूबनं घोट्यांची साल निघायची, आणि सुकायच्या आत पुन्हा निघायची. माय म्हणायची, "काय करून राहिली वं तू हे? लग्न करायचं हाय का नाई तुले?" मी लंगडत कामावर जायची. चूक कुठे होते ते मला माहीत होतं. लाटेच्या टोकावर पोचायच्या आधीच मी घाबरून मान फिरवायची, आणि दोरी मला आडवी ओढून न्यायची. डोक्याला कळत होतं, अंगाला कळत नव्हतं. हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं, तरी मी पडतच होते. मग एका सकाळी भीती वाटलीच नाही. पडण्याचा नुसता कंटाळा आला होता. मी टोकापर्यंत थांबले. दोरीचं हँडल कमरेशी धरून ठेवलं. आभाळ पायाखाली गेलं, आणि फळी पाण्यावर सपाट बसली. मी उभी होते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

भैयाजींनी काठावरून पाहिलं होतं. मला वाटलं, गेली नोकरी. तर ते जवळ आले आणि म्हणाले, "ताई."

त्या तोंडातून ताई.

पांढुर्ण्याचे कोणी मोठे साहेब येणार होते, नागपूरचे पाहुणे येणार होते, वरून ड्रोननं शूटिंग होणार होतं. भैयाजी कोलांटी मारून दाखवणार असं शेठजींनी सगळीकडे सांगून ठेवलेलं. आणि भैयाजींना ती येत नव्हती. "माझं जॅकेट घाल, हेल्मेट घाल. दुरून कोनाले समजते? तू फकत मार. तुले कायमची ठेवतो कामावर," ते म्हणाले.

"अन् बूट?"

"बूट भी माझेच घाल ना."

"मंग फिनाईल कोन लावन?"

ते हसले. "तू पन ना, ताई. जुनं काय उकरून राहिली."

माझे पाय तेच होते. मायच्या टोपलीतली मासळी तीच होती. विटाळ मात्र गेला, गरज पडल्याबरोबर. म्हणजे वास त्यांना कधी आलाच नव्हता. त्यांना मला माझी जागा दाखवायची होती, एवढंच.

तरी मी हो म्हटलं. माय म्हणाली, "दोन मिनटाचं काम हाय, करून टाक. घरात कमावनारी तू एकटी." ते खरंच होतं.

तो दिवस आला. भैयाजी शेडमध्ये लपून बसले, कोणाला दिसू नयेत म्हणून. मी धक्क्यावर बसून त्यांच्या बुटांत पाय घातले. हेल्मेट घातलं. आत त्यांच्या केसांच्या तेलाचा आणि घामाचा आंबूस वास कोंडलेला. तेवढ्यात माईकवर भैयाजींचं नाव पुकारलं, आणि लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. काका बोटीतून माझ्याकडे बघत होते. दोरी माझ्या हातात होती.

मी दोरी सोडली. हेल्मेट काढून खाली ठेवलं. माईक थांबला. बुटांतून पाय काढले, जॅकेट काढलं, संडासापर्यंत चालत गेले, बाटली आणि बादली घेऊन आले. साहेबांच्या खुर्चीसमोर बसून बादलीत फिनाईल ओतलं, वर पाणी घातलं आणि माझे पाय धुतले. घोट्यांची साल निघालेली होती. आग आग झाली. मी घासत राहिले.

भैयाजी शेडमधून धावत आले. "काय तमाशा करून राहिली?"

"तुमच्या बुटात पाय घातले होते," मी म्हटलं. "धुऊन राहिली."

त्या वेळी कोणी हसलं नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. माय माझ्याशी नीट बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. जुनी फळी मी घरी आणली, ती जाळ्यांच्या खुंटीला टांगली आहे. मागच्या आठवड्यात शेठजींचा निरोप आला. झालं ते विसर, हेल्मेट नको घालू, आता 'गाव की बेटी' म्हणून तुझ्याच नावानं कोलांटी मार. निरोप आणणाऱ्याला मी सांगितलं, "ज्या लोकायसमोर मले बूट घासाले लावले, त्यायच्यासमोर भैयाजीनं सांगावं, काऊन लावले ते. मंग पाहू."

तो गेला, परत आला नाही. भैयाजी ते कधी सांगणार नाहीत. मग मीही जाणार नाही. कोलांटी माझ्या अंगात आहे, ती मी पुन्हा मारीन. पण त्यांच्या दोरीला हात लावणार नाही.