चहा उकळेपर्यंत

शेजारच्या घरी सून बाळंत होऊन आली, तेव्हापासून सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई तिला तपासायला येतात. सुनेची खोली माझ्या खिडकीसमोरच आहे. काल दुपारी त्या आल्या, बाळाचं वजन केलं, नाळ पाहिली आणि दमून खाटेच्या कडेवर बसल्या.

"आजी, चहा टाका ना. आलं ठेचून घाला."

"सिस्टर, तुम्ही बाळाला बघायला येता की चहाला?" म्हणत सासूबाई हसत स्वयंपाकघरात गेल्या.

आत खलबत्ता वाजू लागला, तशा नर्सबाई सुनेकडे वळल्या. "हं, आता बोल."

सून बाळाचं दुपटं सारखं करत म्हणाली, "बाळ रडलं की वाटतं, त्याला तसंच टाकून कुठंतरी निघून जावं. मी वाईट आहे का हो?"

"नाही गं. बाळंतपणानंतर होतं असं कुणाकुणाला. उद्या दवाखान्यात ये, डॉक्टरांशी बोलू. घरी मी टाके दाखवायचेत म्हणून सांगते."

बाळाच्या मालिशीला, शेकाला, धुरीला त्या घरात दिवसभर वेळ असतो. आईच्या वाट्याला चहा उकळेपर्यंतचा वेळ आला, आणि तोही दुसऱ्या कुणी मिळवून द्यावा लागला.

चहा आला. नर्सबाईंनी तो संपवला, टाक्यांचं सांगितलं आणि बाहेर पडल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी पर्समधून पित्ताची गोळी काढली आणि चघळली. रस्त्यापलीकडच्या घरातही एक बाळंतीण आहे. तिथे चपला काढताना त्यांचा थकलेला आवाज आला, "मावशी, जरा चहा टाका बरं."