हरतालिकेच्या दिवशीचा थेंब

माझ्या उजव्या डोळ्याची वाट माझ्या मोठ्या जाऊबाईंनी लावली. बोरीवलीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या चौथ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. सणवार कसे करायचे ते त्या ठरवतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन श्रावणात झालं. झकास झालं. डॉक्टरांनी डोळ्यात घालायला दोन बाटल्या दिल्या, एक जंतू होऊ नयेत म्हणून, दुसरी सूज उतरायला. दुसरीबद्दल बजावलं, "बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची."

लगेच हरतालिका आली. जाऊबाईंचा उपास निर्जळी, पाण्याचा थेंबही चालत नाही. त्यांचा तसा म्हणून माझाही. सकाळी मी बाटली काढली तर म्हणाल्या, "अगं, घशात कडू उतरतं ना ते? मग उपास मोडला की! एक दिवस नाही घातलंस तर काय आंधळी होणारेस?" उतरायचं खरं, कडूजहर. मी बाटली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी गणपती आले. डोळा दुखला नाही, तर म्हणतात, "बघ, अडलं का काही? बंद कर ते. उष्णता होते." गणपती जाईपर्यंत मी बाटलीला हात लावला नाही. तू ऐकलंस कशाला, असं कोणी विचारेल. आमच्या घरात चार दिवस सून म्हणून राहून बघा आणि मग विचारा.

विसर्जनानंतर डोळा लालभडक झाला, उजेड टोचायला लागला. डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याला सूज आली आहे. किती महिने फेऱ्या मारल्या. सूज उतरली, पण त्या डोळ्याला सरळ रेघ अजून वाकडी दिसते. दाराची चौकट मध्येच पोक काढून उभी असते. उपासाचं ऐकल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा. घशात फारसं उतरतच नाही." एवढंच! एवढ्याशासाठी माझा डोळा अधू झाला.

आणि जाऊबाई? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारचौघींत म्हणाल्या, "मी कुठे बंद कर म्हटलं? हिनेच मसाल्याचे हात लावले असतील." माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी हसले, तिळगूळ घेतला. मनात म्हटलं, थांबा, तुमचाही मोतीबिंदू पिकतोय.

पिकलाच. पुढच्या श्रावणात त्यांचं ऑपरेशन झालं. त्यांची सून नोकरीला जाते, तेव्हा थेंब टाकायला मीच पुढे झाले. "काळजी करू नका वहिनी, मी आहे ना." आणि मग मी सूड उगवायला लागले, साबणाने स्वच्छ हात धुऊन. बाटली हलवायची, तिचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊबाईंना जागचं हलू द्यायचं नाही. स्वयंपाकघरात तर पाऊल टाकू दिलं नाही. धूर नको, फोडणी नको, वाकणं नको. कोणी त्यांना विचारून काही करेना. त्या तडफडायच्या आणि मला गार वाटायचं. कोपरा दाबायचं मात्र शिकवलं नाही. तेवढं कडू गिळा म्हटलं.

हरतालिका आली. त्यांच्याकडे पूजेला इमारतीतल्या बायका जमल्या, वाळूची पिंड मांडून झाली. मी बाटली काढली तशा त्या म्हणाल्या, "आज नको गं. उपास आहे."

"बरं वहिनी." एवढंच म्हणायचं होतं मला. आज नको, मग गणपतीत नको, आणि विसर्जनानंतर त्यांच्या दाराची चौकटही वाकडी. देवाशप्पथ सांगते, जीभ शिवशिवत होती. पण तो डोळा मला शाबूत हवा होता. त्यांना मी नीट दिसायला हवी होते.

"मान वर करा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "गेल्या वर्षी याच दिवशी तुमच्या सांगण्यावरून मी थेंब घातला नाही आणि माझा डोळा बिघडला. तुमचा मी बिघडू देणार नाही."

बायका जाऊबाईंकडे बघायला लागल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. त्यांनी मान वर केली. मी थेंब टाकला. जरा वेळाने त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू लागलं?"

"लागलं."

"मग मोडला उपास. तुम्हीच सांगितलं होतंत."

पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकला आणि त्यांचंच बोट धरून नाकाजवळच्या कोपऱ्यावर ठेवलं. "हे असं दाबलं की घशात उतरत नाही. उद्यापासून असंच करायचं, आणि डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायचं नाही."

मग आत जाऊन चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला. लग्नानंतर पहिल्यांदा, हरतालिकेच्या पूजेसमोर बसून, सगळ्या बायकांच्या देखत त्या चहा प्यायल्या. एकीने मला विचारलं, तुम्ही नाही घेत?

"नाही हो," मी म्हटलं. "माझा उपास आहे."