पदराखालची फ्लॉपी

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं त्या दिवशी. दगड कुठून येईल नेम नाय, अन मी लेकरू कडंवर घेऊन औरंगपुऱ्यात.

आमचे हे स्टेशनाकडच्या एका कारखान्यात फाटकावर वॉचमन. खोली बी तिथंच. कारखान्यात एकच कॉम्प्युटर. कुणीतरी बाहेरून खेळाची फ्लॉपी आणून त्यात घातली, त्यातून व्हायरस शिरला अन आत साठवलेली मापं आपोआप बदलाय लागली. माल सगळा चुकीचा निघाला. साहेब ह्यांच्यावरच उखडले, "फाटकावर तू होतास ना? बाहेरची फ्लॉपी आत गेलीच कशी? मशीन नीट झालं नाही तर खोली खाली कर."

व्हायरस काढायची फ्लॉपी व्हती साहेबांकडं, पण जुनी. हा नवा व्हायरस तिला वळखूच येईना. नवी फ्लॉपी पुण्याहून औरंगपुऱ्यातल्या दुकानात आलेली. ह्यांना फाटक सोडता येईना, साहेबांची स्कूटर चौकात अडवली असती.

"लेकुरवाळीला कुणी हात लावत नाय," हे म्हणले. म्हणायला काय जातं!

दुकानदारानं शटर अर्धंच उचललं. "वहिनी, वाकवू नका, भिजवू नका, अन लोहचुंबकाजवळ तर बिलकुल नेऊ नका. सगळं पुसून जाईल."

व्हय व्हय म्हणत मी फ्लॉपी लेकराच्या दुपट्यात खोचली अन पळतच सुटले.

क्रांती चौकाच्या अलीकडं आरडाओरडा ऐकू आला. लेकरू रडाय लागलं. थोपटाय गेले तर हाताला कडक लागलं. नजर लागू नाय म्हणून दुपट्यात लोखंड बांधलेलं. ह्यांनीच दिलेला तुकडा, जुन्या स्पीकरातला. माझ्या सेफ्टी पिना त्याला चिकटायच्या!

म्हंजे चुंबकच की! तुकडा टाकून देऊ? अशा दिवशी, असं लेकरू घेऊन? हात उठंना. मग फ्लॉपीच काढली, डोक्यावर ठेवली, वरून पदर, अन एका हातानं दाबून चालाय लागले.

"ओ बाई, डोक्यावर काय? दगड?" पोलिसानं काठी आडवी घातली.

"फ्लॉपी हाय, साहेब. कॉम्प्युटर बिघडलाय."

दुसरा हसला. "बंदच्याच दिवशी बरा बिघडला! जा, पळ, लेकराला ऊन लागतंय."

कारखान्यात पोचले. फ्लॉपी ह्यांच्या हातात दिली. मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या काचंबाहेरच, लेकराला घेऊन, लई लांब. पुसून गेली असंल तर? आतून खर्र खर्र आवाज आला. थांबला. परत खर्र.

"सापडला," साहेब म्हणले.

आमची खोली वाचली.

"आता येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे तपासत जा," साहेब ह्यांना म्हणले. "अन पुढच्या महिन्यात परत नवी आणावी लागेल. व्हायरस काय, नवे येतच राहणार."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा हात आपोआप परत डोक्यावर गेला.

खोलीत गेल्या गेल्या दुपट्यातला चुंबक सोडला अन नजरेला लोखंड म्हणून लेकराच्या उशाखाली भाजीची सुरी ठेवली. चुंबक तेवढा मुठीत राहिला. घरात ठेवू वाटंना, पुढची फ्लॉपी बी माझ्याच हातून यायची; कारखान्याच्या आवारात टाकू वाटंना, तिथं कॉम्प्युटर. तशीच दारात उभी राहिले.